ओट्यावरचा डोळा

मी गाव सोडलं त्या सकाळी नामपूरच्या स्टँडवर एसटी एका अंगाला कलली होती, आणि ती माझ्या सामानाने कलली होती. खोटं वाटत असेल तर त्या कंडक्टरला विचारा. माझी गोणी टपावर चढवली त्या दिवसापासून तो कमरेला पट्टा बांधून हिंडतो. आईने काय भरलं नव्हतं? बाजरी, तुरीची डाळ, भुईमुगाच्या शेंगा, लसणाच्या वेण्या, खापरावरचे मांडे, आणि वर उन्हाळ कांद्याची अख्खी गोणी. मी म्हणालो, "माय, नाशिकला कांदा मिळतो." आई म्हणाली, "मियत व्हई, पन तो कोना शे काय माहीत." आपल्या पोराने अनोळखी माणसाचा कांदा खावा, हे काही तिच्या पचनी पडेना.

वडील लांब, पानटपरीपाशी उभे होते. एसटी सुरू झाली तेव्हा खिडकीजवळ आले आणि म्हणाले, "पोहोचलास की कळव असं मी म्हणणार नाही. कळवायचं काय त्यात? नाही पोहोचलास तर कळेलच." झालं. निरोप संपला. मी पोहोचल्याचं त्यांना पुढे कधीतरी आमच्या गावच्या एका टेम्पोवाल्याकडून कळलं. त्यानेही मला नाशिकरोडला लांबून पाहिलं होतं आणि "जाड झालाय" एवढंच सांगितलं होतं. त्या बातमीवर आमच्या घराने पाडव्यापर्यंत दिवस काढले. कोणी काळजीने मेलं नाही.

गावाकडे राहिलेल्या माझ्या मंडळींनो, आणि माझ्यासारखंच गाव सोडून पुणे, सुरत, दुबईला जाऊन बसलेल्यांनो, हे मी तुमच्यासाठी लिहितोय. रागाने लिहितोय, हे आधीच सांगतो. ज्याला गोड आठवणी वाचायच्या असतील त्याने दिवाळी अंकाचं दुसरं पान उलटावं.

मला नोकरी लागली एकलहऱ्याला, वीज तयार होते तिथे. बॉयलरच्या बाजूला माझी शिफ्ट. तिथली ऊब अशी की डबा उघडायच्या आधी भाकरी पुन्हा भाजून निघायची आणि कच्चं वरण आणलं तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत फोडणीसकट तयार. आधी नाशिकरोडला खोली, मग लग्न, मग फ्लॅट, मग फ्लॅटला ग्रिल, ग्रिलला कुलूप, कुलपाला सेफ्टी डोअर. माझा थोरला भाऊ अण्णा पुण्याला गेला, कॉम्प्युटरमध्ये. त्याचं काम काय हे त्याने आम्हाला अनेकदा समजावून सांगितलं आणि ते आम्हाला कधीच समजलं नाही. वडील गेले. गावात राहिली एकटी आई.

आता मूळ मुद्दा. गेल्या गणपतीत आमच्या सोसायटीने वक्तृत्व स्पर्धा ठेवली. विषय फळ्यावर लिहिला होता : 'कोणत्या आधुनिक शोधाने आपलं रोजचं जगणं सर्वांत जास्त बदललं?' मोठ्यांचा गटही होता, बक्षीस प्रेशर कुकर. एकाने मोबाइल सांगितला. एक निवृत्त सर फ्रिजवर इतकं बोलले की ऐकणाऱ्यांना थंडी वाजली. सेक्रेटरींनी लिफ्ट सांगितली, पण आमची लिफ्ट तेव्हा गणपती बसल्यापासून बंद होती, त्यामुळे टाळ्या पडल्या नाहीत. मग मी उठलो आणि म्हणालो, "कॅमेरा. सीसीटीव्ही." लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, कारण पार्किंगमध्ये नुकताच बसवला होता. मी म्हणालो, "टाळ्या थांबवा, मी त्याला शिव्या द्यायला उठलोय." आणि द्यायला लागलो. दुसऱ्या वाक्याला सेक्रेटरींनी माइक बंद केला. माझा आवाज माइकशिवाय सिन्नर फाट्यापर्यंत जातो, पण गणपतीसमोर तमाशा नको म्हणून खाली बसलो. तेव्हाचं उरलेलं भाषण म्हणजे हे.

आमच्या गावच्या घराला एक ओटा आहे. रस्त्याकडे तोंड, वर पत्रा, एका कोपऱ्यात जातं उपडं घातलेलं. दुपारी भांडीकुंडी आटोपली की गल्लीतल्या बायका तिथे जमायच्या. कोणी लसूण सोलायची, कोणी वाती वळायची, कोणी डाळ निवडायची, आणि सगळ्या मिळून गावाची सालं काढायच्या. नवरे, सुना, सासवा, सरपंच, कोणी सुटायचं नाही. आणि सगळ्यात आधी सोलले जायचो आम्ही, गाव सोडून गेलेली पोरं.

या ओट्याचा एक कायदा होता. बसणं संपलं की शेवटी उठणारी बाई केरसुणी घेऊन ओटा झाडायची. लसणाची सालं, वातींचा कापूस, आणि त्यांच्याबरोबर बोललेलं सगळं. "झाडलं" म्हणायची आणि उठायची. पुढे कधी कोणी कोणाला विचारलं, "काय गं, परवा तू माझ्या सुनेला असं असं म्हणालीस म्हणे?" तर उत्तर एकच : "ते झाडलं गेलं." त्यावर भांडण पुढे न्यायची सोय नव्हती. मी अख्खं लहानपण त्या ओट्याखाली गोट्या खेळण्यात घालवलं, पण झाडलेली गोष्ट कोणी उचलून घरी नेलेली पाहिली नाही. एवढा कडक कायदा सुप्रीम कोर्टात नसेल.

वडील गेल्यावर आम्ही आईला नाशिकला आणली होती. ती फ्लॅटमध्ये राहिली, म्हणजे फ्लॅटच्या दारात राहिली. पॅसेजमध्ये पाट टाकून बसायची, डाळीचं ताट मांडीवर, आणि माणसाची वाट बघायची. लिफ्ट उघडायची, माणूस निघायचा, "नमस्ते आजी" म्हणायचा आणि समोरच्या दारात गडप. दार बंद. आई त्या बंद दाराकडे बघत राहायची. एक दिवस मला म्हणाली, "तुमनाकडे मानसं दार लावासाठे घर घेतस का रे?" दार लावायला घरं घेतात का, हा तिचा प्रश्न. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती गावी निघून गेली.

मग ती न्हाणीत एकदा घसरली. काही झालं नाही, गुडघा खरचटला. सुमनकाकू, म्हणजे आमची समोरची शेजारीण, आवाज ऐकून धावत आली, हळद लावली, चहा करून दिला आणि जाताना "म्हातारपनी नाचाना नाद सोड" म्हणून टोमणाही मारून गेली. पण अण्णाला पुण्यात हे कळलं आणि त्याच्या पायाखालची सोळा मजली जमीन सरकली. त्याने मोबाइलवर बोट फिरवलं, आठवडा व्हायच्या आत सटाण्याचा इलेक्ट्रिशियन शिडी घेऊन आमच्या दारात. पत्र्याखाली, बरोब्बर ओट्याच्या डोक्यावर, पांढरा गोल डोळा. त्याला वायफाय, वायफायला इन्व्हर्टर. अण्णाने आमच्या ग्रुपवर लिहिलं : "आता आई चोवीस तास आपल्या डोळ्यासमोर." मी विरोध केला होता असं लिहून मोठेपणा घेता आला असता, पण मला कोणी विचारलंच नव्हतं.

पहिल्या दिवशी मीही अ‍ॅप उघडलं. आई ओट्यावर बसलेली, पण कशी? डोक्यावर पदर कपाळापर्यंत ओढलेला, पाठ ताठ, हात मांडीवर. मी फोन करून विचारलं, घरात पाहुणे आलेत का? ती कुजबुजली, "जेठ बसेल शे ना वर." कॅमेऱ्याला तिने थोरला दीर करून टाकलं होतं. तिला जेठ नव्हताच, वडीलच थोरले. उतारवयात तिला अण्णाने तोही मिळवून दिला.

आणि हा जेठ बोलायचा. भर दुपारी त्याच्या पोटातून अण्णाचा आवाज यायचा, "आई, बीपीची गोळी घेतली का?" पहिल्यांदा आवाज आला तेव्हा रस्त्याने चाललेल्या म्हशीने जी दौड मारली ती पार मोसम नदीत थांबली. अजून ती आमच्या दारावरून जात नाही, मळ्यातून वळसा घेते, आणि त्या दिवसापासून दूध देते ते थेट विरजलेलं.

बायका दोन दिवस बिचकल्या. मग त्यांनी आपसात ठरवलं की हा कॅमेरा म्हणजे फोनच आहे, फक्त भिंतीला टांगलेला. फोनचं कसं? पलीकडचा बोलतो तेव्हा ऐकतो. बोलायचा थांबला, म्हणजे त्याने ठेवला. मग त्या अण्णाची गोळीची चौकशी होईपर्यंत मान खाली घालून लसूण सोलायच्या. अण्णाने "बरं, ठेवतो" म्हटलं की सुमनकाकू वर बघून खात्री करायची, "ठेवा का रे?" उत्तर आलं नाही की म्हणायची, "ठेवा त्यानी. बोला वं आते." ठेवलं त्याने, बोला आता. आणि ओटा सुरू.

यात हसायचं काम नाही. चूक त्यांची नव्हती. आयुष्यभर ज्यांनी तोंडासमोर माणूस असेल तर तोंड सांभाळलं आणि माणूस गेला की सोडलं, त्यांना न बोलता, न खोकता, न जाता नुसतं ऐकत बसणारी वस्तू कशी कळावी? त्यांच्या गावात असा माणूस कधी जन्मलाच नाही.

सुमनकाकूची सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी, सटाण्याला गेली होती. नातू झाला. बारशाला काकू जाऊन आली आणि दुसऱ्या दुपारी ओट्यावर तिला सगळ्यांनी घेरलं, "कसं झालं?" काकूने सांगितलं नाही, करून दाखवलं. तिची नक्कल म्हणजे काय सांगू! ती उठून विहीणबाईंसारखी चालली की ओट्यावर विहीणबाई अवतरायच्या. कमरेला खोचलेल्या किल्ल्यांचा जुडगा वाजवत, मान वाकडी करून, नाकातून : "आमच्याकडे ना, सगळं साजूऽक तुपात असतं हं." लाडवांचं ताट फिरवताना कोणी किती उचलले ते डोळ्यांनी मोजत जाणं. काकूने बाळासाठी नेलेली कुंची दोन बोटांनी उचलून, मेलेला उंदीर उचलतात तशी, बाजूला ठेवणं. आई इतकी हसली की डोक्यावरचा पदर खांद्यावर आला, खांद्यावरून मांडीवर आला, आणि जेठाचं भान सुटलं. मी हे पुढे क्लिपमध्ये पाहिलं. वडील गेल्यापासून आईला असं हसताना मी पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं ते असं, चोरून.

कारण अण्णाच्या मोबाइलवर नोटिफिकेशन गेलं : 'हालचाल आढळली.' अण्णाने मीटिंगमध्ये बसल्या बसल्या पाहिलं, त्याला फार गोड वाटलं. त्याने तेवढा तुकडा कापून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'आईची पार्लमेंट'. तिथून कोणीतरी स्टेटसला ठेवला. तिथून कोणीतरी गाणं जोडलं. क्लिप एसटीच्या आधी सटाण्याला पोहोचली. सटाण्यात ती आधी भाजीबाजारात हसली गेली, मग पिठाच्या गिरणीवर, आणि तिसऱ्या ठिकाणी विहीणबाईंच्या हातात आली. नाकातला आवाज, किल्ल्यांचा जुडगा, साजूऽक तूप. सगळं त्यांचंच.

त्यांनी सुमनकाकूला फोन केला. म्हणाल्या, "माझी पोर तुमच्या घरी नांदायला येणार नाही. नातूही नाही. जिथे आईचं सोंग काढतात तिथे लेकीला काय मान?" आणि ठेवला. काकूचा मुलगा दोनदा सटाण्याला जाऊन आला, दोन्ही वेळा एकटाच परतला. काकूच्या घरी आढ्याला पाळणा टांगून ठेवला होता, नवा दोर घालून. तो तसाच रिकामा लटकत राहिला.

सुमनकाकू भांडायला आली नाही. आली असती तर बरं झालं असतं, आमच्या गल्लीत भांडण झालं की तिसऱ्या दिवशी भाजीची वाटी येते. तिने नुसती आपली लसणाची पाटी उचलली आणि मागच्या गल्लीत बसायला लागली. बाकीच्याही हळूहळू तिकडे गेल्या. कोणी आईला दोष दिला नाही, कोणी विचारलंही नाही. आईने मला फोनवर काही सांगितलं नाही. "सगं बरं शे" एवढंच. ती सगळं बरं आहे असं म्हणते तेव्हा घर जळत असतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे, म्हणून मी गावच्या त्या टेम्पोवाल्याकडून सगळं काढून घेतलं आणि अ‍ॅप उघडलं. ओटा रिकामा. आई एकटी, पदर कपाळापर्यंत, मांडीवर डाळीचं ताट. ती निवडलेली डाळच पुन्हा निवडत होती.

आणि त्याच संध्याकाळी अण्णाचा ग्रुपवर मेसेज : 'हल्ली आई किती शांत असते. कॅमेऱ्याने फरक पडला.'

मी फोन केला. माझ्या आवाजाने त्याच्या फोनची काच गेली, असं तो म्हणतो. गेली असेल.

"तुला शांत दिसते ती? अरे, तिच्याशी कोणी बोलत नाही!"

"तू उगाच भावनिक होतोस. सेफ्टी आहे ती. चोऱ्या होतात गावात."

"चोरायला आहे काय आपल्या घरात? उपडं जातं? पहिली चोरी तूच केलीस."

"मी काय चोरलं?"

"तिचं हसणं चोरलंस आणि गावभर वाटलंस. सुमनकाकूचा नातू अडकलाय सटाण्याला तुझ्या त्या गोड क्लिपपायी. माहितीये तुला?"

माहीत नव्हतं. चोवीस तास डोळ्यासमोर असलेल्या आईचं त्याला एवढंही माहीत नव्हतं. राग येतो तो इथे. काळजी कोणाला नसते? पण आपण निघून जातो, मग मन खातं, मग ते मन गप्प करायला एक यंत्र विकत आणतो, आणि ते यंत्र नेमकं तेच घालवतं ज्याच्या जिवावर आपली म्हातारी तिथे आपल्याशिवाय जगत होती. न्हाणीत पडली तेव्हा धावून आली ती कोण? कॅमेरा शिडीवरून उतरून हळद लावायला येतो का? ज्या शेजारणीला कान होते, पाय होते, हळदीचा डबा होता, तिला घालवून आम्ही तिथे डोळा लावला. आणि वर म्हणायचं, सोय झाली. अशा सोयीच्या थोबाडात मारली पाहिजे.

रजा टाकली. सकाळच्या गाडीने निघालो. पिशवीत पक्कड घेतली होती, एकलहऱ्याची मोठी, जिने मी वाफेचे पाइप पिळलेत. ती पिशवीत बघून शेजारचा प्रवासी पुढच्या स्टॉपलाच उतरला. घरी पोहोचलो, आईच्या पाया पडलो, स्टुलावर चढलो, पक्कड कॅमेऱ्याला लावली.

"उतर खाली," आई म्हणाली.

"माय, हा मोडतो आधी."

"तू लायेल नही, तू काढू नको. उतर म्हनी राहिनू ना." मी लावला नव्हता, म्हणून मी काढायचा नव्हता.

उतरलो. आई ओट्याच्या मध्यभागी जाऊन कॅमेऱ्याखाली उभी राहिली. डोक्यावरचा पदर काढला, कमरेला खोचला आणि वर त्या डोळ्यात डोळा घालून बोलली, "अण्णा, दखी राहिना ना? आयक मंग. तू ये, अन् तूच काढ. मंग सटाणाले चाल, माफी मांग." बघतोयस तर ऐक, ये आणि तूच काढ. अण्णा बघत होता आणि ऐकतही होता, कारण शनिवारी दुपारी त्याची गाडी दारात उभी राहिली.

अण्णा पुण्याच्या पॅण्टमध्ये शिडीवर चढला. गल्लीतल्या बायका आपापल्या दारात येऊन उभ्या. जवळ कोणी आलं नाही, पण तोंडं सुटली.

"जेठले हळू उतार रे अण्णा, पडी जाई!"

"त्याले गोळी दिधी का इचार बीपीनी!"

"पुण्याले नेस का आते? तठे दारं लायेल शेतस, दखाले काही नही त्याले!" तिकडे सगळी दारं लावलेली, डोळ्याला बघायला काही नाही.

सुमनकाकू तिच्या दारात होती. अण्णाने स्क्रू काढला, वायर ओढली, डोळा हातात आला. तो घामाने डबडबला होता. कोणीही न सांगता तो सरळ काकूच्या दारात गेला आणि म्हणाला, "काकू, गाडीत बसा. सटाण्याला जाऊ."

काकू म्हणाली, "ती दार उघडणार नाही." विहिणीचा विषय आला की काकू शुद्ध बोलते, रागाने. पण आई आधीच गाडीत जाऊन बसली होती, मग ती बसली.

विहीणबाईंनी दार उघडलं. किल्ल्यांचा जुडगा खरंच कमरेला होता. मी खाली बघितलं, हसू आलं तर घात. त्यांनी पाणी दिलं नाही. आधी पितळेचा पिठाचा डबा मध्ये आणून ठेवला आणि म्हणाल्या, "फोन टाका यात. सगळ्यांचे." आम्ही टाकले. अण्णाने घड्याळही टाकलं, तेही ऐकतं म्हणाला. विहीणबाईंनी झाकण लावलं आणि डब्यावर बसल्या.

अण्णा हात जोडून बोलायला लागला, चूक झाली, हेतू वाईट नव्हता वगैरे. त्यांनी त्याला थांबवलं.

"सुमनबाईंनी माझी नक्कल केली म्हणून मी चिडले, असं वाटतं का तुम्हाला? मी त्यांची नक्कल रोज करते."

अण्णाचे जोडलेले हात खाली आले.

"माझ्या ओसरीवर चार बायका येतात. मी रोज करते. पण माझ्या ओसरीवरची माझ्या ओसरीवर राहते. मी ती बाजारात विकायला पाठवत नाही. मला गिरणीवाल्याने विचारलं, काकू, तूप साजूक आहे ना? गिरणीवाल्याने! मी त्या गिरणीवर आता पाय ठेवते का?" त्यांचा आवाज फाटला. डोळे पुसले नाहीत, पुसले असते तर कळलं असतं.

मग त्या उठल्या. खरंच उठल्या आणि सुमनकाकू होऊन चालल्या. एक खांदा वर, मिशरीचं बोट दातात, लाडू तोंडात टाकून डोळे मिटणं, "काय नको, काय नको" म्हणत हात ताटाकडेच जाणं. आईच्या तोंडून एक हसू निसटलं, तिने पदर तोंडात कोंबला. अण्णा भिंतीकडे तोंड करून उभा. सुमनकाकू दगडासारखी बसलेली.

सोंग संपलं. काकू म्हणाली, "माझा डावा खांदा वर असतो. तुम्ही उजवा धरला."

विहीणबाईंनी विचार केला. डावा खांदा वर करून दोन पावलं चालून पाहिलं. "हं. डावाच." मग म्हणाल्या, "तुम्ही माझा आवाज फार नाकातून काढला. एवढा नाही तो."

"आहे," काकू म्हणाली. "ऐका एकदा स्वतःला."

आतून सून बाळाला घेऊन आली तेव्हा दोघी नाकावरून भांडत होत्या. बाळ काकूच्या मांडीवर ठेवलं गेलं. त्याने काकूकडे बघितलं, विहीणबाईंकडे बघितलं आणि असं भोकाड पसरलं की पितळेच्या डब्यातल्या पिठाच्या गुठळ्या फुटल्या. फोन काढले तेव्हा सगळे पांढरे. माझ्या फोनमधून अजून रिंगच्या आधी थोडं पीठ पडतं.

सगळं गोड झालं असं समजू नका. सून आली, पाळणा हलला, ते खरं. पण निघताना विहीणबाईंनी अण्णाला विचारलं, "आता ते पुसता येतं का?" अण्णा म्हणाला, "माझ्याकडचं पुसलं. ज्यांच्याकडे गेलं त्यांच्याकडचं नाही पुसता येत." तो कॉम्प्युटरमध्ये आहे, त्याने सांगितलं म्हणजे तसंच असणार. गेल्या महिन्यात कॅण्टीनमध्ये पलीकडच्या टेबलावरचे कोणी अनोळखी लोक मोबाइलभोवती डोकी घालून हसत होते, आणि त्या हसण्याच्या खाली मला माझ्या आईचं हसणं ऐकू आलं. मी उठून त्यांच्याकडे गेलो. काय बोललो ते छापण्यासारखं नाही. त्यांनी पुसलं. पण त्यांच्या हसण्याआधी ते कोणी पाहिलं आणि नंतर कोणाकडे जाईल, हे कोण सांगणार? शोध लावणाऱ्यांनी चंद्रावरचं पाणी शोधलं, पण झाडलेलं झाडलेलं राहील अशी एक केरसुणी काही त्यांना काढता आली नाही.

सोसायटीवाल्यांनो, हे माझं भाषण. कुकर तुमच्याकडेच ठेवा.

बायका आमच्या ओट्यावर लगेच आल्या नाहीत. आधी सुमनकाकू आली, एकटी. पत्र्याखालची दोन भोकं बघून म्हणाली, "भोकं बुजी टाक वं." आईने चुना भरला. मग एकेक करून बाकीच्या. तरी अजून त्यातली एखादी बोलता बोलता वर बघते म्हणे. एकदा मान वर करायची सवय लागली की ती जायला वेळ लागतो.

आणि घर? मी इतकी वर्षं समजत होतो की घर म्हणजे जिथे आपली वाट बघतात ते. आता मी दुपारी शिफ्टच्या सुट्टीत आईला फोन करतो. गोळी विचारत नाही. पलीकडे आधी एक कालवा ऐकू येतो, सात-आठ बायकांचा, मग कोणीतरी "कोन शे?" विचारतं, आई "धाकला" म्हणते, आणि सगळा ओटा एकदम गप्प होतो. त्या गप्प होण्यावरून मला कळतं की विषय मीच होतो. माझं पोट, माझी चाल, माझी बायको, माझा हा राग, सुमनकाकू कदाचित उभी असेल आत्ता मी होऊन, पोट पुढे काढून, हातात पक्कड धरून.

मी म्हणतो, "माय, बरी शेस ना?"

"ठेव रे," आई म्हणते, "बाया येल शेतस." बायका आल्यात, आणि मी काही बोलायच्या आत ती फोन ठेवते.